झिजलेले पडदे

माझा धाकटा भाऊ लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. तो गेल्यावर त्याची गिटार एका संगीतवर्गाला द्यायचं ठरवलं, म्हणून आधी ती मिरजेतल्या एका म्हाताऱ्या सतार-कारागिराकडे दुरुस्तीला नेली.

त्यांनी तारा उतरवल्या आणि मानेवरच्या पडद्यांवरून, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांवरून, अंगठा फिरवला.

"ही वाजवणारे गाणाऱ्यांच्या मागं बसायचे ना?"

"कशावरून, चाचा?"

"खुंट्यांजवळचे तीन-चारच पडदे झिजलेत. पुढचे कोरे करकरीत. ज्याला मिरवायचं असतं तो उंच सुरांकडं पुढं पुढं पळतो, नवरदेवाच्या मित्रांसारखा!"

मी हसलो. भावाला मी एकदा म्हणालो होतो, "तुझं वाजवणं ऐकूच येत नाही रे." तो म्हणाला, "गाणारीला येतं की, दादा." मला ती पळवाट वाटली होती. थोर वादक म्हणजे ज्याच्यासाठी बाकीचे थांबतात, असं मी पुस्तकांतून शिकलो होतो. दुसऱ्याचा सूर ढळू नये म्हणून कुणी वर्षानुवर्षं त्याच चार पडद्यांवर बोटं दाबत बसतो, हे त्यांत कुठे नव्हतं.

"हे बदलावे लागतील, नाहीतर तार खरखरेल," चाचा म्हणाले.

या झिजेशिवाय भावाच्या वाजवण्याची दुसरी खूण माझ्याकडे नाही. कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं आहेत, पण त्यांत गाणारीच ऐकू येते.

"बदला," मी म्हटलं. "शिकणाऱ्याला नीट वाजवता यायला हवं."

चाचांनी पक्कड उचलली. पहिला पडदा निघताना लाकडातून अगदी हलका आवाज आला. तो मी लक्ष देऊन ऐकला.