उलट्या सिंहांचा रुपया

बातमी आमच्या मुळगावात पदेराने आणली. पावाची टोपली सायकलवरून न उतरवताच तो म्हणाला, "भाऊ, तुमचो बाबल गेलो." मी तसाच डिचोलीच्या बाजारात जाऊन चहाच्या दुकानात सांगितलं, तर सगळे हसले. "भाऊ, सकाळच्या पारीच फट?" फट म्हणजे थाप, आणि चूक त्यांची नव्हे. नार्व्याच्या नदीत मी पकडलेली मगर गेली तीस वर्षं दर पावसाळ्यात हातभर वाढते आहे. आता ती फेरीबोटीत मावत नाही. अशा माणसाच्या तोंडून मरणही कोणी खरं धरत नाही. माझं सगळं खरं मानणारा एकच होता, आणि तोच...

बाबल आणि मी शाळेपासूनचे. पुढे तो खाणीवर ट्रकांच्या खेपा मोजायला लागला, मी शाळामास्तर झालो. मग राजभाषेचा वाद पेटला. तो कोंकणीवाला, मी मराठीवाला. त्याने दारावर पाटी लावली, मी माझ्या दारावर दुप्पट मोठी लावली, इतकी मोठी की बायकोला खिडकीतून घरात यावं लागे. बोलणं बंद झालं. कोंकणी राजभाषा झाली, गोवा घटक राज्य झालं, दोघांच्याही पाट्या पावसाने धुऊन नेल्या, तरी तोंडं उघडेनात. त्याच वर्षी त्याची बायको वारली. मी त्याच्या फाटकापर्यंत गेलो आणि परतलो. माझ्या आयुष्यातली ही एकच गोष्ट, जिच्यात मला काही वाढवून सांगता येत नाही.

दिवाळीनंतर आमोण्याच्या फेरीवर आम्ही समोरासमोर आलो. तो कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होता, खांदे उतरलेले. हातात सुट्यांत आलेला रुपया होता, त्याच्याकडे बघत मी म्हणालो, "बाबल, काल इथंच मला एक रुपया मिळाला. वहीच्या पानासारखा उलटला, तर मागचे सिंह डोक्यावर उभे! टांकसाळीची चूक. मुंबईचा एक शेट अशा नाण्यासाठी घर विकायला तयार आहे. आणि मी तो चुकून पदेराला दिला." शब्द न् शब्द खोटा. बाबल वळला. "कित्याक दिलो मरे?" म्हणाला. कशाला दिलास, एवढंच. पण दीड वर्षात पहिल्यांदा.

पुढच्या शनिवारी तो बँकेतून रुपयाच्या शंभर नाण्यांची पिशवी घेऊन हजर. त्याच्या घरापुढच्या सोप्यावर, म्हणजे त्या दगडी बाकावर, फडकं पसरायचं, पन्नास त्याच्याकडे, पन्नास माझ्याकडे. आकडा वर ठेवून एकेक उलटायचं. सिंह सरळ उभे दिसले की बाजूला. मधेच तो विचारायचा, "मेळ्ळो?" मी म्हणायचो, "मेळूंक ना." तपासलेली नाणी बाजारात द्यायची, सुट्यांऐवजी गोळ्या देणारे दुकानदार बाबलला देवासारखे मानत. अशी किती वर्षं! इतकी नाणी उलटली की माझ्या अंगठ्यावरची रेष पुसली गेली, डॉक्टर म्हणाला, आता हात बघून भविष्य सांगता येणार नाही.

दर शनिवारी खरं सांगून टाकावं असं वाटायचं. तोंड उघडायचो, आणि मगरीची गोष्ट बाहेर पडायची. रुपया नाही म्हटलं की शनिवारही नाही, आणि मग मी कुणाच्या सोप्यावर बसणार होतो? माझीही बायको तोवर गेली होती, मुलगा पुण्याला. उरलेले सहा दिवस मी शनिवारची वाट बघत काढायचो... त्याला फसवतोय ही बोच मात्र शेवटपर्यंत राहिली.

बाराव्याला जेवणं आटोपल्यावर त्याची सून सुलभा तपकिरीची डबी घेऊन आली. "बाबांनी तुम्हाला द्यायला सांगितलं होतं." आत कागदात गुंडाळलेला एक रुपया. आकडा वर धरला, सवयीने उलटला. सिंह डोक्यावर उभे होते.

मी तीनदा उलटून बघितला.

"हा कधी मिळाला?"

"आठ वर्षं झाली असतील, भाऊ. तुम्ही तापाने पडला होतात, तुमचे पन्नासही त्यांनीच बघितले, त्यात निघाला. मला बजावलं, भाऊंक सांगूं नाका. रुपयो मेळ्ळो म्हूण कळ्ळें जाल्यार तो शेनवारा कित्याक येतलो?"

म्हणजे जन्मभरात मी एकच खरी गोष्ट सांगितली, तीही खोटी समजून. आणि आठ वर्षं तो माझ्यासमोर बसून "मेळ्ळो?" विचारत होता, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता. फट मारण्यात मी त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, हे बाजारात सांगायला हवं. पण कोण ऐकणार?

आता शनिवारी पिशवी मीच आणतो. सुलभा फडकं पसरून देते. पन्नास इकडे, पन्नास तिकडे. माझे झाले की उठून त्याच्या जागी बसतो, त्याचेही उलटतो. दगड तिथे थोडा झिजलेला आहे... मधेच आपसूक तोंडातून निघतं, "मेळ्ळो?" वरच्या खिशात रुपया असतो. तो हाताने दाबून मी म्हणतो, "मेळूंक ना."