काकांचा नारळ

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले तळमजल्यावरचे मालवणी काका बोलतात कमी, पण समोरच्याला गप्प करतात. त्यांची नवीकोरी गाडी शोरूममधून घरी येतानाच चेकनाक्यावर बंद पडली. काकूंनी पूजेची तयारी करून ठेवलेली. काका म्हणाले, "धड चालल्याशिवाय नारळ फोडूचो नाय."

पुढे वर्कशॉपच्या फेऱ्या सुरू झाल्या. गाडी धुऊनपुसून यायची आणि पुन्हा भर सिग्नलला थांबायची. शोरूमवाला म्हणाला, "चालवून चालवून सेट होईल, काका."

"सेट व्हायला ती काय चप्पल आहे?"

त्याने फुकटात परफ्यूमची बाटली दिली, तर काकांनी ती तिथेच परत केली. "गाडी बंद पडते रे, वास नाय मारत."

मग ते ग्राहक आयोगात गेले. वकील नाही, स्वतःच उभे राहायचे. मी एकदा गाडीला खटारा म्हटलं, तर माझ्यावरच डोळे वटारले. "दोष आसा म्हण. खटारो नाय."

शेवटी निकाल लागला, गाडी बदलून मिळणार. टोइंगवाला आला त्या सकाळी बघते, तर काका तीच जुनी गाडी फडक्याने पुसत होते. पुसून झाल्यावर बॉनेटवर कुंकू लावलं आणि चाकासमोर नारळ फोडला.

"अहो काका, आज? ती तर परत चाललीय!"

"म्हणान काय बिनपूजेची धाडू? जशी कंपनीवाल्यांनी केल्यानी तशी इली गो ती. तिचो काय गुन्हो?"

खोबऱ्याचा तुकडा त्यांनी टोइंगवाल्याच्या हातावर ठेवला.

"हळू ने रे. नवी आहे अजून."