वस्तऱ्याखालचा आवाज

“मी आपलं मत सांगितलं, डोकं तुमचं तुम्ही चालवा.” केस कापून झाले, अंगावरचा कपडा झटकला, की न्हावी हे म्हणायचाच. पुढारी असो, बातम्या देणारी बाई असो, नाहीतर नवा मोबाइल, त्याच्या खुर्चीशी सगळ्यांचीच हजामत व्हायची. “टीव्हीवर सगळे एकदम ओरडतात,” तो म्हणे, “माझ्याकडे एका वेळी एकच बसतो, म्हणून निदान ऐकू तरी येतं!” शेजारच्या गाळ्यातला शिंपी मशीन थांबवून हसायचा. दोघांच्या मध्ये एक पातळ भिंत, आणि दोन्ही बाजूंना सरत आलेलं आयुष्य.

एक गोष्ट मात्र शिंप्यासारख्या जुन्या गिऱ्हाइकांनाच ठाऊक होती. वस्तरा गळ्याशी आला की न्हाव्याच्या तोंडाला कुलूप. बोलता बोलता पडायला आलेलं सरकार तसंच लोंबकळत राही; गळा साफ झाला, पातं पुसलं, की मग पडे.

निवडणूक तोंडावर आली आणि न्हाव्याचा आवाज घरोघरच्या मोबाइलमधून येऊ लागला. “पुलापलीकडची माणसं इथं नकोत. घुसलेत. हाकला.” तोच घोगरा आवाज, शेवटी तेच खोकल्यासारखं हसणं. शिंपी पुलापलीकडचा. त्याने ते ऐकलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. त्या दिवसापासून भिंतीतून हसू गेलं नाही. न्हाव्याची बायको एकदा शिंप्याच्या दारात येऊन हळूच म्हणाली, “भावजी, हे बाहेर बसलेले असतात आणि आवाज आतल्या खोलीतल्या मोबाइलमधून येतो. मला घरात एकटं बसवत नाही.”

शेवटी शिंप्याला राहवेना. तो जाऊन खुर्चीत बसला. न्हाव्याने फेस लावला. एक गाल झाला, वस्तरा गळ्याशी आला.

“तू बोललास का रे ते?”

उत्तर नाही. पातं सावकाश खाली उतरत होतं.

न्हाव्याने पातं पुसलं. “गळ्यावर वस्तरा असताना विचारतोस होय? एवढी वर्षं काय झोपा काढल्यास इथं?” मग त्याचा स्वर उतरला. “खरं सांगू? इतक्यांदा ऐकलंय, आता मलाच वाटतं, बोललो असेन.”

शिंप्याने मोबाइल काढून कानाला लावला. पुलापलीकडची माणसं... त्या शब्दांखाली खर्र, खर्र. आणि मागून कुणीतरी गिऱ्हाईक म्हणत होतं, “गळ्याला जपून हं.”

“वस्तरा तुझाच,” शिंपी ताडकन म्हणाला, “गळ्यावरचा! आणि त्याच वेळी तू बोलतोयस? छे! दुकानात कुणीतरी आवाज भरून घेतलाय, आणि त्यावर कॉम्प्युटरकडून तुझ्या आवाजात भलतंच बोलणं शिवून घेतलंय. शिवण तेवढी दिसत नाही.”

“तुला दिसली. माझं भागलं.”

“अरे, मग सांग ना लोकांना!”

“कुठल्या तोंडाने? माझं तोंड तर ते घेऊन गेलेत.”

न्हाव्याने वस्तरा मिटून फळीवर ठेवला आणि तो बाहेर पडला. समोरच्या चहाच्या टपरीत कुणीतरी पुन्हा तेच लावलं होतं. तो थबकला. समोरून येणाऱ्या माणसाला वाट द्यावी तसा कडेला सरला आणि चालू लागला.

अर्ध्या तोंडावर फेस वाळत चाललेला शिंपी दारातून बघत राहिला. पाठ लांब लांब जात होती. आवाज मात्र इथेच, टपरीत, हसत होता.