पबातला शेवटचा शनिवार

आमच्या पबचा मालक तरुणपणी इंग्लंडला गेला, तिथल्या पबांत बरीच वर्षं राबला आणि आईच्या आजारपणात कोल्हापुरात परतला. शाहूपुरीतल्या एका गल्लीत त्यानं तसाच पब थाटला. बुटकं छत, काळपट लाकडाचा काउंटर, गादी घातलेले बाक, भिंतीवर छोटे बाण फेकायची डार्टची तबकडी. शेकोटीसुद्धा बांधली होती. कोल्हापुरात ती कुठली पेटतेय! तिच्यात कुंडी ठेवलेली असायची. टीव्ही नाही, गाणी नाहीत. कुणी गाण्यांचं काढलं तर म्हणायचा, "गाणी ऐकाय घर हाय की. हितं बोलाय यायचं."

मी आणि माझा मित्र दर शनिवारी बोलायलाच जायचो. मी बँकेत, तो कागलकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट. त्याचा आवाज मोठा आणि मतं त्याहून मोठी. एकेका बियरवर तासन् तास भांडायचो. माझी बायको गेली तेव्हा मी घराबाहेर पडायचं सोडलं होतं. यानंच एका शनिवारी मला दंडाला धरून तिथं नेऊन बसवलं. त्या दिवशी मात्र तो एक शब्द बोलला नाही.

मग त्याला विसर पडायला लागला. आधी शब्द गेले, नंतर रस्ते, नंतर माणसं. आमचे शनिवार बंद झाले. मी त्याच्या घरी जायचो. तो मला बसा म्हणायचा आणि खिडकीबाहेर बघत राहायचा.

गेल्या पावसाळ्यानंतर मालकाचा फोन आला. "इमारत पाडत्यात. उद्या बंद करतोय. आज दोघं या."

माणूस विसरला तरी जागा आठवेल, असं माझ्या डोक्यात बसलं. वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "न्या भावजी. पण पाजू नका काय. गोळ्या चालू हाईत." त्यांनी त्याला इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला. मित्र लग्नाला निघाल्यासारखा रिक्षात बसला.

पबात दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. निम्मे बाक विकले गेले होते, पण आमचा कोपरा मालकानं तसाच ठेवला होता. मी मित्राला तिकडं वळवलं. तो मधल्याच एका खुर्चीत बसला. मालकानं लिंबू सोडा आणला, खारे शेंगदाणे आणले. माझी बियर न मागता आली.

"आठवतंय का?" मी विचारलं.

त्यानं हसून मान हलवली. ते कुणालाही द्यायचं हसू होतं.

मालकानं भिंतीवरचा डार्ट काढून त्याच्या हातात ठेवला. "मारा की. तुमच्यासारखा नेम हितं कुणाचा नव्हता."

मित्रानं तो बोटांत फिरवून बघितला. मग पेन अडकवावं तसा शर्टाच्या खिशाला अडकवला. मालक पुढं झाला, डार्ट हळूच काढून घेतला आणि काउंटरमागं गेला. बराच वेळ तो आमच्याकडं पाठ करून कोरडेच ग्लास पुसत होता.

शेंगदाणे संपल्यावर मित्रानं माझ्याकडं नीट बघितलं. "पावणं, कुठल्या गावचं तुम्ही?"

"इथलाच," मी म्हणालो.

"मग तुमाला म्हाईत आसंल. ब्येस जागा हाय ही. आवाज न्हाय, गोंधळ न्हाय." तो खुर्चीत मागं रेलला. "पुढच्या शनवारी येऊया की."

"येऊया," मी म्हणालो. माझी बियर तशीच राहिली.

त्याला घरी सोडलं. वहिनी दारातच उभ्या होत्या. "ओळखली का जागा?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनाही मनातून काही आशा होती, हे मला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी त्याच्या चपला काढल्या आणि त्याला हात धुवायला आत नेलं.

आता तिथं पत्रे ठोकलेत. मी अजून त्याच्याकडं जातो. तो दर वेळी माझं गाव विचारतो, मी सांगतो. एकदा परतताना दुसऱ्या एका बारमध्ये बसून बघितलं. मोठ्या पडद्यावर क्रिकेट चालू होतं आणि सगळे ओरडत होते. त्याच्याशिवाय मला कुणाशी भांडायचंच नव्हतं. उठून घरी आलो.