देवमासा आढळत नाही

शहरासमोरच्या समुद्रात मोठ्या जहाजांसाठी खोल वाट उकरायचा बेत आहे. खाली गाळ आहे तिथे गाळ काढायचा, खडक आहे तिथे सुरुंग लावायचे. या कामाच्या पर्यावरण अहवालात खारफुटीला पानंच्या पानं दिली होती, पक्ष्यांना रंगीत फोटो दिले होते आणि देवमाशाला एक ओळ: 'सदर क्षेत्रात देवमासा आढळत नाही.'

ओळ साधी दिसते, पण तिचा उपयोग साधा नाही. देवमासा आहे असं कागदावर आलं की सुरुंगाआधी पाण्यावर नजर ठेवायची, जवळपास दिसला तर काम थांबवायचं, अशा अटी मागता येतात. जो प्राणी आढळतच नाही त्याच्यासाठी अट कसली मागणार? जनसुनावणी महिन्याभरावर आली होती आणि ती ओळ तिथून जशीच्या तशी पार झाली की विषय संपणार होता.

मी परळची. कॉलेजात जायच्या आधीपासून पत्रकं लिहिते. आधी चाळीतल्या पाण्यासाठी लिहिली, मग पुनर्विकासात भाडेकरूंना गुंडाळायला निघालेल्यांच्या विरोधात. पत्रकात एक शिकलेय: पहिल्याच ओळीत माणूस थांबला पाहिजे, नाहीतर तो कागदात शेंगदाणे बांधतो. 'देवमासा दिसला' ही ओळ थांबवणारी होती. फक्त तो दिसायला हवा होता.

गिरगावात राहणाऱ्या एक ताई समुद्रातल्या सस्तन प्राण्यांवर काम करतात. त्यांना एका दिवसासाठी छोटं विमान मिळालं होतं, आणि दुसऱ्या खिडकीला बसणारा माणूस आठवडाभर आधी आजारी पडला. त्याच्या जागी मी. ताईंनी मला आठवडाभर फोटो दाखवून घोटवलं. लाट फुटते ती अशी, देवमाशाचा श्वास उडतो तो असा, आणि ढगाची सावली कधीच हलत्या पाठीसारखी नसते.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "विमानातून मासा बघायला चाललीस? दादरला बाजारात जा की. हात लावून बघू देतात."

"आई, देवमासा हा मासा नाही."

"मग नावात कशाला आहे गं?"



जुहूहून निघालो. पंख छताला, आत चार जणांची जागा, आवाज मिक्सरसारखा. वैमानिकाने मागे वळून एवढंच सांगितलं, "मॅडम, उलटी आली तर पिशवी सीटच्या मागे आहे. माझ्या कॉलरवर नको." ताई डाव्या खिडकीला, मी उजव्या. कानांवर हेडफोन होते, पण दिसलेलं एकमेकींना सांगायचं नाही, हा नियम. जे दिसेल ते आपापल्या रेकॉर्डरमध्ये बोलायचं. मी विचारलं होतं, असं का? ताई म्हणाल्या, "मी 'ते बघ' म्हटलं की तुला ते दिसायलाच लागतं. मोर्चात नाही का, एकाने 'पोलीस आले' म्हटलं की सगळ्यांना पोलीस दिसतात."

वरून समुद्र निळा नसतो. किनाऱ्याजवळ मातकट, मग हिरवट, मग शिसाच्या रंगाचा. वरळीचा कोळीवाडा बोटाच्या नखाएवढा दिसला आणि मागे गेला. विमान समुद्रात आत जायचं, वळायचं, पुन्हा किनाऱ्याकडे यायचं, शेत नांगरल्यासारखं. मी बोलत राहिले: डॉल्फिन, तीन असावेत. प्लास्टिक. होडी. प्लास्टिक. जाळ्याचे फ्लोट. पुन्हा प्लास्टिक. शहराचा कचरा इतक्या लांब पोचतो, आणि आम्ही तो नेऊन टाकायला गाड्या कमी पडतात म्हणून आंदोलनं करतो.

मग दिसलं. पांढरं, उभं, तुऱ्यासारखं. आलं आणि गेलं. मी रेकॉर्डरमध्ये बोलले तेव्हा माझा आवाज फाटला होता, नंतर ऐकलाय मी तो. मार्गावरून बाहेर पडायचं असेल तर सांगायची मुभा होती, ते सांगितलं. वैमानिकाने विमान तिरकं केलं आणि आम्ही त्या जागेवर गोल फिरत राहिलो. देवमासा श्वासाला पुन्हा वर येतो. आम्ही त्याच्यासाठी थांबलो. खाली वाऱ्याने लाटा फुटायला लागल्या होत्या, आणि आता जिकडेतिकडे पांढरंच होतं. शेवटी वैमानिक म्हणाला, "मॅडम, पेट्रोलचं पण बघायला लागतं."

खाली उतरल्यावर टपरीवर चहा घेताना ताईंनी उलटतपासणी सुरू केली.

"उभं होतं की पसरट?"

"उभं."

"किती वेळ?"

"दिसेपर्यंत गेलं."

"खाली पाठ दिसली? काळी, लांब?"

"नाही."

"मग अनिश्चित."

"ताई, मी बघितलंय."

"तू पांढरं बघितलंयस. मीही बघितलं असतं तरी हेच लिहिलं असतं. त्या लोकांनी न बघता लिहिलं म्हणून आपण शंख करतोय, मग अर्धं बघून पूर्ण कसं लिहू?"

त्यांनी दिवसाचा निष्कर्ष लिहून माझ्यापुढे सरकवला. एक अनिश्चित नोंद. देवमासा आढळला नाही.

माझं डोकं फिरलं. "हे तर त्यांचंच वाक्य झालं. हे सुनावणीत नेण्यापेक्षा घरी बसते."

"नीट वाच," ताई म्हणाल्या. "त्यांचं 'आढळत नाही' आहे. कालही नाही, आजही नाही, उद्याही नाही. माझं 'आढळला नाही' आहे. आजच्या दिवशी, या वाऱ्यात, या दोन खिडक्यांतून."

संध्याकाळी लालबागला पत्रक जुळवून देणाऱ्या मित्राकडे गेले. त्याने स्क्रीनवर आधीच मोठ्या टाइपात 'दिसला' करून ठेवलं होतं.

"काढ ते."

"दिसला ना पण तुला?"

"पांढरं दिसलं."

"तेवढं पुरे. परळ-लालबागात कोण क्रॉस चेक करणारे?"

"सुनावणीत करतील. एक खोटं सापडलं की बाकीचं सगळं पत्रक खोटं."

"मग काय छापू? 'पांढरं दिसलं'? लोक म्हणतील डोळे तपासून घे." त्याने ओळ पुसली, पण तोंड वाकडं करून. त्या दिवशी काहीच छापलं नाही.

सुनावणी वरळीतल्या एका सभागृहात झाली. मंचावर अध्यक्ष म्हणून एक अधिकारी, बाजूला अहवाल बनवणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी, खाली टायपिंग करणारा ऑपरेटर. पुढच्या रांगांत कोळणी बसल्या होत्या. माझा नंबर आल्यावर मी ती ओळ वाचली आणि विचारलं, हे कुणी बघून लिहिलं?

"उपलब्ध माहितीच्या आधारे," प्रतिनिधी म्हणाला.

"तुम्ही समुद्रात गेला होतात?"

"गाळाचे नमुने घ्यायला गेलो होतो."

"देवमासा बघायला?"

"त्याची आवश्यकता नव्हती. तो आढळतच नाही ना."

पुढची एक कोळीण शेजारणीला म्हणाली, "बरोबर हाय त्याचं. मी पन घरात झारू मारीत नाय, कचरा आरलतच नाय." सभागृह हसलं. प्रतिनिधीही हसला, उशिरा.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मॅडम, तुम्ही तर विमान घेऊन गेला होतात म्हणे. तुम्हाला दिसला?"

ताई माझ्याकडे बघत नव्हत्या, समोर बघत होत्या. 'हो' म्हणायला एक क्षण पुरला असता.

"नाही," मी म्हटलं. "एकदा पांढरं काहीतरी दिसलं. आम्ही ते अनिश्चित लिहिलंय."

"मग वाद कशाचा आहे?" प्रतिनिधी म्हणाला.

मी ताईंचं सांगितलं, आढळत आणि आढळला यांतला फरक. अध्यक्षांना तो पटकन कळला, आणि सोयीचाही वाटला. ऑपरेटरला म्हणाले, "चला, अहवालात 'आढळत नाही'च्या जागी 'आढळला नाही' अशी दुरुस्ती करावी, असं घ्या. पुढचे कोण?"

ताईंनी मान हलवली. त्यांचं समाधान झालं होतं. माझं नाही.

"साहेब, 'आढळला नाही' हे आमचं वाक्य आहे. ते लिहायला आधी शोधावं लागतं. आम्ही दिवसभर शोधला, म्हणून आम्हाला ते लिहिता येतं. ह्यांना नाही."

"मग काय घेऊ मी?"

"'शोधलाच नाही' असं घ्या."

ऑपरेटरने मान वर केली. "सर, 'शोधलाच' असं घेऊ?"

अध्यक्षांनी थोडा विचार केला आणि ते सरकारी करून सांगितलं: "'सदर क्षेत्रात देवमाशाचा शोध घेण्यात आलेला नाही.'" एवढं बोलून ते स्वतःच थांबले. वाक्य मोठ्याने उच्चारल्यावर पुढचा प्रश्न त्यांनाच विचारावा लागला. प्रतिनिधीकडे वळून म्हणाले, "का घेतलेला नाही?"

प्रतिनिधी अहवालाची पानं उलटायला लागला. इतिवृत्तात सर्वेक्षण करून अहवाल पुन्हा सादर करण्याची शिफारस आली. काम रद्द झालेलं नाही, अडलं आहे एवढंच.

बाहेर पायऱ्यांवर ताईंनी विचारलं, "आणि त्यांनी खरंच शोधला, आणि नाही मिळाला, तर?"

"तर तसं लिहू देत. पण शोधायचा म्हणजे शोधायचा."

सर्वेक्षण कुठल्या महिन्यांत करणार, हे मी लेखी विचारलंय. उत्तर नाही. खवळलेल्या पाण्यावरून एक फेरी मारून 'आढळला नाही' लिहून आणायचं, एवढी अक्कल त्यांना नक्की आहे. म्हणून सध्या आम्ही कोळीवाड्यात सह्या घेत फिरतोय: पाणी शांत असेल त्या महिन्यांत उडा, एकदा नाही, अनेकदा उडा, आणि एका खिडकीला आमचं माणूस बसवा.