मागच्या पायाचा पट्टा

ॲडम्सटाउनला आमच्या वरच्या मजल्यावर हेमचंद्र राहतात. वय बावन्न, नोकरी ग्रँड कॅनाल डॉकच्या आयटी कंपनीत आणि छंद स्नोबोर्डिंगचा, म्हणजे फळीवर उभं राहून बर्फावरून घसरण्याचा. आयर्लंडात बर्फ नावालाच पडतो. पण डब्लिनबाहेर एका टेकडीवर ब्रशसारखी प्लास्टिकची चटई अंथरली आहे, तिच्यावरून हे गृहस्थ दर रविवारी घसरायचे. मी त्यांना तोंडावर वेडे म्हणत आले आहे.

वेड मुळात लेकीचं, ईशाचं. तिची आई गेली त्या वर्षी ती शाळेबरोबर तिथे गेली आणि पुढच्या रविवारी बापालाही ओढून घेऊन गेली. बूट बोर्डला जखडून ठेवतात त्या पट्ट्यांना बाइंडिंग म्हणतात. हेमचंद्रांची पाठ वाकत नाही. पुढचा पाय ते बाकावर ठेवून कसाबसा बांधत, पण मागचा चढताना मोकळा लागतो, तो टेकडीच्या माथ्यावर पोचल्यावरच आवळायचा असतो. तो ईशा आवळायची. गुडघ्यावर बसून बक्कल कर्र कर्र ओढायची आणि बुटावर एक थाप मारायची. इतकी वर्षं तीच बाइंडिंग, तीच थाप.

२०२० साली ती डॉक्टर होऊन दूर वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात गेली, आणि मग कोविडमुळे घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायलाच बंदी आली. ऑक्टोबरात तिने बाबांना खोकं पाठवलं. नवी बाइंडिंग, जोडीला बूट. पट्टा नाहीच, टाच दाबली की खट्कन बसते.

"बाबा, यू वोन्ट नीड एनीवन नाऊ," ती फोनवर म्हणाली. हे त्यांनी मला कौतुकाने सांगितलं. खोकं मात्र उघडलं नाही.

खंडेनवमीचा प्रसाद घ्यायला मी त्यांच्या दारात उभी राहिले. आत पाटावर लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हर आणि ती झिजलेली जुनी बाइंडिंग. हळदकुंकू लावून वर शेवंती वाहिलेली.

"नव्यांची पूजा नाही केलीत?"

"त्यांनी अजून काम कुठे केलंय, वहिनी?"

मास्कमुळे चेहरा दिसला नाही. मला फार वाईट वाटलं.

२०२१च्या जूनमध्ये टेकडी उघडली. मी मागेच लागले, तेव्हा त्यांनी नवी बसवली. माझ्याच गाडीतून आम्ही गेलो. वर पोचताच खट्, आणि स्वारी निघालीसुद्धा.

"काय सुटसुटीत आहे हो," खाली आल्यावर मी म्हटलं.

"हो. कुणी जवळ येतच नाही."

पुढच्या रविवारी ईशा येणार होती. शनिवारी बघते तर हे नवी काढून जुनी बसवतायत. चांगली वस्तू सोडून हा काय पोरकटपणा, मी चिडले.

"एकदाच. ती येतेय ना," ते म्हणाले.

रविवारी मीच त्यांना टेकडीवर नेलं. पायथ्याच्या बाकावर बसून त्यांनी पुढचा पाय बांधला आणि रस्त्याकडे बघत राहिले. फोन वाजला. हातमोज्यांमुळे त्यांनी स्पीकर लावला.

"सॉरी बाबा, समवन्स आउट सिक, आय हॅव टू कव्हर. बट शुअर यू हॅव द न्यू वन्स. यू'ल बी ग्रँड."

"अगदी ग्रँड," ते म्हणाले. "खट्कन बसतात गं. तू जेवलीस का?"

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, चला, मी येते वर, मी आवळते पट्टा.

"राहू द्या, वहिनी," ते म्हणाले, आणि मागचा पाय तसाच मोकळा ठेवून बसून राहिले.