वैशाखऱ्याची ठणठणीत घळ

"खोली किती?" साहेबांनी मान वर न करताच विचारलं.

"गेल्या वर्षीइतकीच. चार फूट."

"म्हणजे जमिनीची तब्येत ठणठणीत!"

ठणठणीत कसली, डोंबलाची! नव्वदच्या दशकात मी मुरबाड तालुक्यात मृदसंधारणाच्या कामावर होतो. पावसाच्या पाण्याने शेताच्या खालच्या उतारावर जी चर पडते आणि दरसाल वाढते, ती घळ. घळ वाढतेय म्हणजे जमीन आजारी. तिला औषध एकच, घळीत आडवे दगडी बांध. पण ते मंजूर व्हायला आमच्या फॉर्मात खोली वाढलेली दिसावी लागे.

वैशाखरे गावच्या हिराबाईंचं एकच भातखाचर. वर्षाचं खाणं त्यातच. त्याखालच्या घळीला तळात कातळ लागला होता. आता कातळ काय खाणार? म्हणून ती वर, खाचराच्या बांधाकडे सरकत होती. आम्ही मात्र इमानेइतबारे खाली कातळावर टेप लावत होतो.

हिराबाई दरवर्षी आवणी, म्हणजे भातलावणी, उरकली की बांधापासून घळीच्या तोंडापर्यंत पावलं मोजायच्या.

"सायब, पयले धा पावलं व्हती. औंदा तीन ऱ्हायलीत. तुमी खाली काय वाकून बघताय? वर बघा ना!"

मी साहेबांच्या कानावर घातलं.

"फॉर्मात पावलांचा रकाना आहे?"

"नाही."

"मग?"

"साहेब, बाईंचं एकच खाचर आहे हो."

"फॉर्मही एकच आहे."

फॉर्मात चार फूट लिहून मी सही केली. नोकरी प्यारी होती.

पुढच्या पावसाळ्यात खाचराचा बांध फुटला. खाचरातली माती रोपांसकट घळीत उतरली. मी टेप लावला तर खोली दोनच फूट! अख्ख्या तालुक्यात इतकी सुधारलेली जमीन दुसरी नव्हती. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि दगडी बांधांच्या यादीतून हिराबाईंचं नाव काढून टाकलं. निरोग्याला औषध कशाला?

मोजताना हिराबाई काठावर उभ्या होत्या.

"किती भरली, सायब?"

"दोन फूट."

"मोजा, नीट मोजा. माजंच खाचर हाय त्यात."

मला वर बघवलं नाही. लाज वाटली, अजून वाटते.

तेव्हापासून रकाना असो नसो, मी प्रत्येक फॉर्माच्या समासात पावलं लिहायला लागलो. हिराबाईंच्या फॉर्मात लिहायला मात्र एकही पाऊल उरलं नव्हतं.